कोणता भाग ठेवायचा, कोणता काढायचा

पन्नास वर्षांच्या बुलेटचं इंजिन उघडून सगळे भाग ताडपत्रीवर मांडले की गॅरेजमध्ये दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं. एक म्हणजे, ‘सगळं नवीनच टाकू, नंतर कटकट नको.’ दुसरं म्हणजे, ‘ओरिजनल माल आहे, अजून दहा वर्षं जाईल.’ दोन्ही वाक्यं भाग हातात न घेता बोलता येतात, म्हणून दोन्हींवर विश्वास ठेवू नये. हे प्रकरण भाग हातात घेण्याबद्दल आहे.

उदाहरणासाठी गाव घेऊ खोडाळा. मोखाडा तालुक्यातलं, सह्याद्रीच्या माथ्याजवळचं. एक रस्ता विहीगाववरून कसाऱ्याला उतरतो, एक मोखाडा-जव्हारकडे जातो, एक वैतरणेच्या बाजूने घोटी-इगतपुरीला निघतो. कुठेही जायचं तर घाट, वळणं आणि मधे जंगल. इथे मोटरसायकल दुरुस्त होते, पण सिलिंडर रिबोअर करायचा किंवा क्रँक प्रेसवर उघडायचा तर नाशिकची वाट धरावी लागते. म्हणून ठेवायचं की काढायचं हा प्रश्न इथे शहरापेक्षा जास्त गंभीर होतो. दादर किंवा नाशिकला इंजिन बंद पडलं तर गाडी ढकलत कोपऱ्यावर नेता येते. विहीगावच्या जंगलात पावसाळी संध्याकाळी बंद पडलं तर तसं करता येत नाही. भाग बदलायचा की नाही हे त्या भागाच्या वयावर ठरत नाही, तो तुटल्यावर काय होईल यावर ठरतं.

आता इंजिनाबद्दल थोडं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी 350 सीसीची बुलेट निवडली. 1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून एनफिल्ड इंडिया उभी केली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना चालू झाला. रेडिचचा मूळ इंग्लिश कारखाना 1967 मध्ये बंद झाला, पण मद्रासचा चालूच राहिला. बिडाचा सिलिंडर असलेलं ते इंजिन, 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकचं, या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत मूळ आराखड्यात फारसा बदल न होता बनत राहिलं. इतका काळ एकच आराखडा चालल्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. जुनी गाडी उभी करणाऱ्याला इतकं भाग्य सहसा लाभत नाही.

त्यातच एक सापळाही आहे. भाग सारखे दिसतात, पण सारखे असतीलच असं नाही. भारतात मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा आहे, तर या इंजिनाचा जन्म इंची मापांचा. मधल्या दशकांत कुठे इंची आटे राहिले, कुठे मेट्रिक आले. व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंश, मेट्रिक आट्याचा 60. इंची स्टडवर मेट्रिक नट दोन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. त्या क्षणी ‘जरा घाण असेल’ म्हणून पाना ओढला की स्टड फिरून ॲल्युमिनियमच्या केसमधले आटे जातात. नट अडकला तर तिथेच थांबा, काढा आणि आटा गेजने तपासा. पन्नास वर्षं टिकलेल्या क्रँककेसचे आटे असे दोन मिनिटांत गेलेले गॅरेजांमध्ये पाहायला मिळतात, आणि ते नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखं असतं.

पहिला नियम क्रँककेसचाच. इंजिन नंबर तिच्यावर असतो. मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. 2021 मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खाजगी दुचाकी-चारचाकी विंटेज धरली जाते. तेव्हा केस तडकलेली असली, कोपरा फुटलेला असला, तरी ती टाकायचा विचार सगळ्यात शेवटी. ॲल्युमिनियम आर्गॉन वेल्डिंगने जोडता येतं, गेलेल्या आट्यांत तारेची इन्सर्ट बसवता येते, सैल झालेल्या बेअरिंगच्या घराला बुश घालता येतो. केसचे दोन अर्धे कारखान्यात जोडीने मशीन केलेले असतात. त्यामुळे एका गाडीचा डावा आणि दुसऱ्या गाडीचा उजवा अर्धा जोडून चालत नाही. बाहेरून तो बसलेला दिसतो, पण क्रँकच्या दोन टोकांची रेषा जुळत नाही.

दुसऱ्या टोकाला असे भाग आहेत ज्यांच्याबद्दल चर्चाच नको. पॅकिंग, ऑइल सील, गजन पिनच्या सर्क्लिप, स्प्लिट पिन, वाकवून बसवायचे लॉक वॉशर आणि पिस्टन रिंगा नव्याच टाका. सर्क्लिप एकदा काढली की तिचा ताण गेलेला असतो. ती सुटली तर गजन पिन बाजूला सरकून सिलिंडरच्या भिंतीत खोल चर पाडते. काही रुपयांची तार संपूर्ण बोअर घेऊन जाते. अपवाद एकच, तांब्याच्या वॉशरचा. तेलाच्या नळ्यांवरचे हे वॉशर दाबून कडक होतात, पण लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की पुन्हा मऊ होतात. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, तांबं मात्र तसं होत नाही. वॉशर पातळ झाला नसेल तर तो पुन्हा वापरा, आनंदाने वापरा.

आता मधले भाग, म्हणजे जिथे खरोखर डोकं लावावं लागतं ते. सिलिंडरपासून सुरुवात करू.

बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथे तेल सगळ्यात कमी पोचतं, ज्वलनाचा दाब सगळ्यात जास्त असतो, आणि पिस्टन दिशा बदलताना क्षणभर थांबतो. 3000 फेऱ्यांवर तो तिथे सेकंदाला पन्नास वेळा असा थांबतो. त्यामुळे वरचा पट्टा झिजतो. त्याच्या वर, जिथे रिंग पोचतच नाही, मूळ धातूचा काठ शिल्लक राहतो. बोटाचं नख फिरवलं की तो लागतो. झीज मोजायला बोअर गेज हवा, आणि तो लहान गावातल्या गॅरेजमध्ये बहुधा नसतो. पण फिलर गेज असतो आणि तेवढ्यानेही काम होतं. एक रिंग घ्या, सिलिंडरच्या अगदी तळाशी, जिथे झीज नाही, तिथे बसवा आणि पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा. रिंगच्या दोन टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग वरच्या पट्ट्यात आणून पुन्हा मोजा. दोन्ही फटींच्या फरकाला 3.14 ने भागा. खाली 0.35 आणि वर 0.75 मिलिमीटर आली तर फरक 0.40, म्हणजे बोअर वरच्या बाजूला सुमारे 0.13 मिलिमीटर रुंद झाला आहे. परीघ आणि व्यास यांचं शाळेतलं नातं इथे मिलिमीटरच्या शतांशापर्यंत पोचवतं.

झीज 0.1 च्या आत असेल, भिंतीवर उभे चरे नसतील, तर होनिंग करून नव्या रिंगा घालून जुना सिलिंडर आणि जुना पिस्टन दोन्ही ठेवायला मी सांगेन. 0.2 च्या आसपास गेली तर रिबोअर टाळता येत नाही. मधल्या पट्ट्यात गाडी कशी वापरणार यावर ठरवा. रोज कसारा घाट चढणारी आणि वर्षातून चार वेळा बाहेर पडणारी, या दोन गाड्यांना एकच उत्तर नाही. मात्र काठ उभा असताना नुसत्या नव्या रिंगा घालू नका. जुनी रिंग झिजून कडेला गोल झालेली असते, नवीची कड धारदार असते. ती त्या काठावर आदळते आणि काही दिवसांत तुटते. ‘नव्या रिंगा टाकल्या आणि धूर वाढला’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असतं.

रिबोअर करताना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ओव्हरसाइज पिस्टन साधारण पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात आणि एक मिलिमीटरच्या आसपास पायऱ्या संपतात. पुढे स्लीव्ह. लेथवाला घाईत असेल तर ‘थेट पन्नासवर नेतो, साफ होईल’ म्हणतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवर. पंचवीसवर साफ होत असेल तर पंचवीसवरच थांबायला सांगा. आणि पिस्टन आधी विकत आणून त्याच्या मापाने बोअर करून घ्या, उलट नाही. पिस्टन आणि भिंत यांच्यात जेमतेम केसाएवढी जागा ठेवायची असते. बाजारातल्या दोन पिस्टनांच्या मापात तेवढा फरक सहज निघतो.

जुना पिस्टन ठेवायचा असेल तर तो आधी कार्बनपासून मोकळा करा. लोखंडी खरवडणी ॲल्युमिनियमवर ओरखडे पाडते. मोखाड्यात बांबूला तोटा नाही, त्याची चपटी तासलेली काडी यासाठी उत्तम. मग रिंगच्या खाचा पाहा, आणि गजन पिनच्या भोकाभोवती तडे शोधा.

तडे शोधण्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथे डोळा फसतो. झीज दिसते आणि मोजता येते. धातूचा थकवा दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेचे आस कमी भाराखाली, चांगले चालत असताना, अचानक तुटू लागले. 1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीचा आस तुटून भीषण अपघात झाला होता. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका ओझ्याने न तुटणारं पोलाद त्याहून हलक्या ओझ्याच्या लाखो फेऱ्यांनी तुटतं. पण ओझं एका मर्यादेखाली राहिलं तर पोलाद जवळपास अमर्याद टिकतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. त्याच्यावरची प्रत्येक फेरी हिशेबात जमा होते.

हा हिशेब बुलेटला लावून पाहा. चार स्ट्रोकचं इंजिन 3000 फेऱ्यांवर चालताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिनिटाला 1500 वेळा उघडतो, तासाला नव्वद हजार वेळा. 40 च्या वेगाने 40 हजार किलोमीटर म्हणजे हजार तास, म्हणजेच नऊ कोटी वेळा. तेही सातशे अंशांच्या आसपास लालबुंद तापून. त्याची मान बारीक झाली, डोक्याची कड धारेसारखी पातळ झाली, दांडीवर बोटाला पायरी लागली, तर तो ठेवायचा प्रश्नच नाही. मी याहून पुढे जाईन. गाडीचा इतिहास माहीत नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दिसायला कितीही चांगला असो, नवा टाका. त्याचं डोकं सुटलं तर पिस्टन, हेड आणि अनेकदा कनेक्टिंग रॉडही जातो. इनटेक व्हॉल्व्ह येणाऱ्या मिश्रणाने थंड राहतो. तो सीटवर पेस्टने घासून, पोर्टमध्ये पेट्रोल ओतून गळती पाहून ठेवता येतो.

कनेक्टिंग रॉड, रॉकर आणि क्रँकची चाकं यांच्यासाठी रेल्वेच्या वर्कशॉपांत एक जुनी चाचणी चाले. ती गावातल्या गॅरेजमध्ये जशीच्या तशी करता येते. भाग रॉकेलमध्ये, नसेल तर डिझेलमध्ये, काही तास बुडवून ठेवा. काढून कोरडा पुसा. त्यावर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप द्या आणि वाळू द्या. मग लाकडी हातोडीने हलके ठोका. तडा असेल तर त्यात मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. त्याआधी रॉड दोरीला टांगून वाजवूनही पाहा. बाजारात माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो तसंच हे. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर बरं, बोदा आला तर रॉड बाजूला ठेवा. या चाचण्या भागाला निर्दोष ठरवत नाहीत, फक्त उघड दोषी असलेला पकडतात. पण त्या केल्याच नाहीत तर तेवढंही कळत नाही.

बिग एंडची, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाची, परीक्षा हाताची आहे. क्रँक वरच्या टोकाला आणा, रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढा-दाबा. किंचितही टक जाणवली तर बिग एंड गेला. बाजूला थोडा हलतो ती मात्र मूळचीच सोय, तिला घाबरून क्रँक उघडू नका. जुन्या बुलेटमध्ये इथे तरंगता बुश असे. पुढे अनेकांनी रोलर बेअरिंगचा संच बसवून घेतला. तुमच्या गाडीत काय आहे ते उघडण्याआधी समजून घ्या, कारण तरंगत्या बुशाचं आयुष्य सर्वस्वी तेलाच्या दाबावर असतं. तेलपंप झिजलेला ठेवून नवा बुश टाकणं म्हणजे पैसे फेकणं.

बेअरिंगच्या बाबतीत खोडाळ्याचा पाऊस बोलतो. इंजिन दोन-तीन पावसाळे पडवीत उभं राहिलं असेल, तर बहुधा कुठलातरी व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो आणि दमट हवा आत फिरत राहते. तेलाच्या पातळीच्या वर राहिलेल्या गोळ्यांवर, रोलरांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. बेअरिंग धुऊन वाळवा आणि कानाजवळ धरून बोटाने सावकाश फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारून भिरभिरवू नका, त्याने चांगलंही बेअरिंग खराब होतं. खरखर लागली की बदला. इथे जुन्याची माया ठेवायचं कारणच नाही. बेअरिंग हा जगभर एकाच मापाने बनणारा भाग आहे. त्याच्या कडेवरचा क्रमांक वाचा. 6305 मधला 6 म्हणजे एका ओळीचं खोल खाचेचं बॉल बेअरिंग, 3 म्हणजे त्याची मालिका, आणि शेवटच्या 05 ला पाचाने गुणलं की आतलं भोक मिळतं, 25 मिलिमीटर. हा क्रमांक सांगितला की चिंचवडला बनलेलं बेअरिंगही चालतं आणि स्वीडनमधलंही. ‘बुलेटचं बेअरिंग द्या’ म्हणाल तर काय हातात येईल याचा नेम नाही.

दातेरी चाकांचं गणित वेगळं. त्यांच्या दातांवर फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो, आत मऊ पोलाद. थर शाबूत आहे, दात चकचकीत आहेत, तर पन्नास वर्षांचा गिअर नव्या स्वस्त गिअरपेक्षा चांगला. खवले निघालेले दिसले तर थर फुटला, मग झीज झपाट्याने होते. बदलताना जोडी बदला. नवा दात जुन्या दाताशी जुळत नाही, दोघंही लवकर जातात. गिअर एकमेकांत अडकवणारे खुंट गोल झाले असतील तर घाट उतरताना गिअर सुटतो आणि इंजिनाचा ब्रेक अचानक नाहीसा होतो. विहीगावच्या उतारावर तो प्रसंग कोणावर येऊ नये.

आता कोणी सहसा विचारत नाही असा प्रश्न. जुना काढून जो टाकणार, तो त्याहून चांगला आहे का? दिल्लीच्या करोल बागेतून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून आलेला चकचकीत डुप्लिकेट कॅम मऊ पोलादाचा असू शकतो. कानस घ्या आणि कडेला, काम न करणाऱ्या जागी, हलकेच घासून पाहा. कडक भागावर ती घसरते, मऊ भागाला चावते. ज्या गाड्यांचे कारखानेच थांबले, त्यांच्यासाठी हा प्रश्न आणखी टोकाचा. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. जुन्या येझदीसाठी किंवा राजदूतसाठी झिजलेला मूळ भाग दुरुस्त करणं हे अनेकदा नव्या नकलेपेक्षा शहाणपणाचं ठरतं. त्या टू-स्ट्रोक गाड्यांत एकच जास्तीची सक्ती आहे, क्रँकच्या दोन्ही बाजूंचे सील नवे हवेतच. तिथे क्रँककेसच श्वास घेते. सीलमधून हवा शिरली की मिश्रण विरळ होतं आणि पिस्टन जाम होतो.

खर्चाबद्दल एवढंच सांगतो. हात राखायचा असेल तर तो क्रोम, टाकीचा रंग, नवे मडगार्ड यांवर राखा. व्हॉल्व्ह, बिग एंड आणि बेअरिंगवर राखू नका. मला अनेकदा उलटं झालेलं दिसतं, आणि वाईट वाटतं. गाडी उन्हात झळाळते आणि आतून ठोके ऐकू येतात.

काम सुरू करण्याआधी एक वही घ्या. प्रत्येक भागापुढे तीन गोष्टी लिहा. मोजलेलं माप, ठेवला की बदलला, आणि का. वही आरसी बुकासोबत ठेवा, पुढचा मेकॅनिक तुम्हाला दुवा देईल. आणि काढलेले भाग लगेच भंगारवाल्याला देऊ नका. तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून निदान एक पावसाळा जपा. नवा भाग फसला तर नाशिकच्या लेथवाल्याला माप घ्यायला तो जुनाच लागतो.